प्रतापसिंह हायस्कूल ते पोलीस भरती

समलिंगी आणि तृतीयपंथी हक्कांची कोर्टातली लढाई सांगताना बहुतेक जण २००१ मध्ये दाखल झालेल्या, नाझ फाउंडेशन या दिल्लीच्या संस्थेच्या याचिकेपासून सुरुवात करतात. सातारकरांनी आणखी मागे जायला हरकत नाही.

१९०० साली साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालेला भिवा आंबेडकर पुढे बॅरिस्टर झाला. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या समलैंगिकतेसह लैंगिक शंकांना कर्व्यांनी छापून उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, टीकाकार टपलेलेच होते; असल्या खटल्यात पडायची त्यांना काय गरज होती! खटला हरले.

१९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी घटनात्मक नैतिकतेचा मुद्दा मांडला, तो अगदी वेगळ्या संदर्भात. २००९ मध्ये नाझच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने तोच आधार घेतला: लोकांना काय आवडत नाही यावर कुणाचे मूलभूत हक्क ठरत नाहीत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले, २०१८ मध्ये पुन्हा काढले. लग्नाचा हक्क २०२३ मध्ये नाकारला आणि चेंडू संसदेकडे टोलवला.

नाझची याचिका मुळात एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून आलेली. कलमाच्या धाकाने लोक समोरच येत नव्हते. सांगलीत १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेची सुरुवातही एचआयव्हीच्याच प्रश्नातून झाली. पुढे तिथे याच व्यवसायातल्या पुरुष आणि तृतीयपंथींची 'मुस्कान' संघटना उभी राहिली.

निकाल गावापर्यंत पोचायला मात्र वेळ लागतो. तृतीयपंथींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले होते. तरी २०२२ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय. कराडच्या एका पारलिंगी उमेदवाराने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, दाद मागितली. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितले, तर अंमलबजावणी अवघड आहे म्हणत सरकारच उच्च न्यायालयात गेले. तिथे कानउघाडणी झाल्यावर डिसेंबरात पर्याय द्यायचे कबूल केले. शारीरिक चाचणीचे नियम करायला सरकारला २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत मुदत मिळाली, आणि ते होईपर्यंत लेखी परीक्षा घ्यायची नाही असे ठरले.