धुऱ्यावरून ऐकू येणारा उपग्रह

7 ऑगस्ट 2022 रोजी श्रीहरिकोटाहून 'आझादीसॅट' निघाला. त्यासाठी देशभरातल्या 75 सरकारी शाळांमधल्या 750 मुली राबल्या होत्या. पण रॉकेटच्या सेन्सरचा घोळ झाला आणि उपग्रह 356 किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी लांबट कक्षेत सुटला. तिचं खालचं टोक जमिनीपासून जेमतेम 76 किलोमीटरवर होतं. तिथली विरळ हवासुद्धा उपग्रहाला खाली ओढायला पुरते. तो गेला. पुढे 10 फेब्रुवारी 2023 ला 'आझादीसॅट-2' मात्र 450 किलोमीटरवर नीट पोहोचला.

हेलियमच्या फुग्याला बांधून 30 किलोमीटर वर धाडलेल्या डबीलाही हल्ली उपग्रह म्हणतात. प्रयोग उत्तमच, पण फुगा फुटला की डबी खाली येते. कक्षेत राहायला उंचीपेक्षा वेग लागतो. ज्वारी राखताना गोफणीतून सुटलेला दगड पुढे जाता जाता खाली पडतो. उपग्रहही तसाच पडत असतो, सेकंदाला साधारण 4 मीटर. पण तेवढ्या वेळात तो साडेसात किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे जमीनही तेवढीच खाली वळलेली असते. या वेगानं नागपूर ते अमरावती हे अंतर 20 सेकंदांत संपतं!

विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून 1999 साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी 'क्यूबसॅट' या छोट्या उपग्रहाचं माप ठरवलं: 10 सेंटिमीटरचा ठोकळा. त्याच्या अँटेनाची गोष्ट मला फार आवडते. अनेक क्यूबसॅटवर ती चक्क गवंड्याच्या स्टीलच्या टेपची असते. टेप दुमडून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधतात. रॉकेटपासून सुटल्यावर शेजारच्या उपग्रहांना इजा होऊ नये म्हणून अर्धा तास थांबायचं, मग एक बारीक तार तापते, दोरा वितळतो आणि टेप आपल्याच ताणानं सरळ होते. दोरा तुटला नाही तर उपग्रह बहुधा मुका राहतो, आणि तिथे जाऊन तो कापून देणारं कुणी नसतं. म्हणून शाळेतल्या मुलांनी हा दोरा जमिनीवर पुन्हापुन्हा जाळून बघायला हवा.

पण प्रत्येक शाळेला उपग्रह सोडता येणार नाही. उपग्रहाचे रेडिओ संकेत ऐकण्याचं काम मात्र झेडपीच्या शाळेलाही जमण्यासारखं आहे, आणि ते निम्मं काम आहे. पीव्हीसी पाइपवर त्याच टेपच्या मीटरभराच्या तीन पट्ट्या आडव्या लावायच्या, मधली कापून दोन्ही तुकड्यांना केबल डाखायची की अँटेना तयार. तिला लॅपटॉप आणि छोटा यूएसबी रिसीव्हर जोडायचा. आपल्याकडे कपाशी-तुरीच्या शेतात धुऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत आडवं काही येत नाही. शहरातल्या गच्चीपेक्षा ही जागा सरस, कारण रेडिओचा गोंगाटही कमी.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करावी. त्यावरचा हौशी रेडिओ सुरू असेल तेव्हा 145.800 मेगाहर्ट्झवर आवाज किंवा चित्रांचे संकेत मिळतात. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं लागतात. एकीनं अँटेना फिरवत न्यायची, दुसरीनं पडद्यावरची फ्रिक्वेन्सी टिपायची. स्थानक जवळ येताना ती साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर असते आणि दूर जाताना तेवढीच खाली. हा डॉप्लर परिणाम. टिपलेल्या आकड्यांवरून स्थानकाचा वेग काढण्याचं गणित नववीच्या मुलींना वहीत मांडता येतं.