होस्टेलची पहिली रात्र अन् अर्धा जागा मेंदू

माझा भाचा यंदा दिग्रसहून नागपूरला आला, फर्स्ट इयरला. होस्टेल अंबाझरी तलावाच्या बाजूला, खोलीत तीन पलंग, त्यातला दाराजवळचा याच्या वाट्याला. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला फोन, "मामा, मले रातभर झोपच नाही आली." मला वाटलं गादी खराब असेल, तर म्हणे गादी नाही, कूलर. आता ऑगस्टात नागपुरात कूलरमध्ये पाणी कोणी टाकत नाही, नुसता पंखा म्हणून चालवतात, पण याच्या खोलीतल्या कूलरची जाळी सैल होती, थोड्या थोड्या वेळाने खडखडायची, आणि हा दर वेळी दचकून उठायचा. बाकीचे दोघं मस्त घोरत होते. ते सेकंड इयरचे, वर्षभर तोच कूलर ऐकलेले.

ताई म्हणाली घरची आठवण येत असेल पोराला. येत असेलच, पण यात अजून एक भानगड आहे.

झोपेवर काम करणाऱ्यांना हे जुनंच माहीत होतं, की लॅबमध्ये आलेला माणूस पहिल्या रात्री धड झोपत नाही, म्हणून पहिल्या रात्रीचा डेटा बरेचदा ते सरळ बाजूला टाकायचे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन युनिव्हर्सिटीत मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या टीमने नेमकी हीच फेकून दिलेली रात्र तपासायला घेतली. तर दिसलं असं की नव्या जागी गाढ झोपेतसुद्धा मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा काही भाग उजव्यापेक्षा उथळ झोपतो. झोपलेल्यांच्या कानात एकसारखे बारीक आवाज सोडले आणि मधेच एखादा वेगळा, तर उजव्या कानात सोडलेल्या त्या वेगळ्या आवाजाने जास्त जाग आली, कारण उजव्या कानाचा निरोप मुख्यतः डाव्या मेंदूकडे जातो. काही दिवसांनी त्याच लोकांना परत तिथेच झोपवलं तर हा फरक गायब. म्हणजे जागलीवर बसवलेला चौकीदार, जागा ओळखीची झाली की तोही झोपतो.

बदकं तर याच्याही पुढची. 1999 मधल्या एका प्रयोगात बदकं रांगेत झोपवली होती, तर मधली निवांत आणि टोकाची मात्र एक डोळा उघडा ठेवून, तोही बाहेरच्या बाजूचा. मी हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणे, "म्हणजे मी टोकाचं बदक." दाराजवळचा पलंग ना!

बरं, आठवडाभराने कूलरची सवय झाली तरी साहेब रात्री दोनपर्यंत जागेच, आणि सकाळी आठचं लेक्चर बुडालं. इथे सगळे मोबाईलला शिव्या घालतात, थोड्याफार खऱ्याही आहेत, पण शरीराचं घड्याळच या वयात मागे सरकतं. टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या, त्यात 2004 मध्ये दिसलं की उशिरा झोपण्याची ओढ विशीच्या आसपास सगळ्यात जास्त असते, नंतर हळूहळू उतरते. घरी आई दहाला लाईट बंद करायची म्हणून हे कळत नव्हतं, होस्टेलवर लाईट बंद करणारं कोणी नाही. आणि रात्री नऊचा टपरीवरचा चहा! कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दोन वाजताही अर्धा कप अंगात आहेच की.

घड्याळ पुढे ओढायचं तर सकाळचा उजेड लागतो, खोलीतला नाही, बाहेरचा. ट्यूबलाईटखाली दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळतात, आणि बाहेर ढगाळ आभाळ असलं तरी काही हजार. म्हणून मी त्याला म्हटलं, उठल्याबरोबर तलावाकडे चक्कर मार, तर्री पोहा तिकडेच खा. पोह्यामुळे तो तयार झाला, लक्समुळे नाही.

राहिली परीक्षेआधीची जागरणं. 1924 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत जेनकिन्स आणि डालेनबाक यांनी कॉलेजच्या फक्त दोन पोरांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली, कधी पाठ करून झोपायचं, कधी पाठ करून दिवसभर आपलं काम करायचं. झोपल्यावर कितीतरी जास्त आठवलं. दोनच पोरं, म्हणून मी यावर फार उड्या मारणार नाही, पण नंतर कितीतरी लॅबमध्ये हेच दिसलं आणि कारणही उलगडत गेलं, दिवसा शिकलेलं गाढ झोपेत मेंदू परत घोळवून पक्कं करतो. रात्रभर रट्टा मारणारा पोट्टा नेमकं हेच पक्कं करायचं काम रद्द करतो.

परवा परत फोन आला. ॲडमिशनच्या उशिराच्या राऊंडमधून एक नवीन पोरगा खोलीत आलाय, सेकंड इयरचा एक जण बाहेर रूम करून गेला म्हणून. भाच्याने लगेच मधला पलंग धरला, नवीनला दाराजवळचा. कूलरची जाळी अजून तशीच आहे. "मामा, तो रातभर जागाच राहते," हा सांगत होता, "अन् सकाळी मलेच म्हणते का तू लय घोरते."