लशीनंतर झालं, की लशीमुळे झालं?

कोथरूडच्या एका दवाखान्यात भाचीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूविरुद्धची लस टोचली तेव्हा मी सोबत होते. सुई निघाली, नर्सने दंडावर कापूस धरायला सांगितला आणि दोन मिनिटांत पोरगी पांढरीफटक. बाकावरून घसरायच्या आत तिला आडवं केलं, पायांखाली उशी दिली. पाच मिनिटांनी उठून तिने लिंबू सरबत मागितलं. तोवर ताईचं ठरून गेलं होतं, "बघ, लशीमुळे झालं!"

झालं होतं लशीनंतर. ही चक्कर सुईच्या भीतीने येते. या वयातल्या मुलामुलींना ती कुठल्याही इंजेक्शनला येऊ शकते. म्हणून तर टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. दंड दुखणं, सूज, कणकण, डोकेदुखी हे मात्र लशीमुळेच. तीव्र अ‍ॅलर्जीही होऊ शकते. ती फार विरळ, पण खरी.

'नंतर' कळायला घड्याळ पुरतं. 'मुळे' म्हणायचं तर लस न घेतलेल्या मुलींकडेही बघावं लागतं: तोच त्रास त्यांनाही तितकाच होतो का? ते न बघता बोललं की कावळा बसला म्हणूनच फांदी तुटली असं होतं.

हा गोंधळ आपल्या देशाला महागात पडला. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका अभ्यासाचा भाग म्हणून हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांतल्या सात मुली दगावल्या आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत काय निघालं? एक खाणीतल्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींचं कारण तितकं स्पष्ट नव्हतं, पण लशीशी संबंध दिसला नाही. 'नंतर' सातही जणी, 'मुळे' एकीचाही पुरावा नाही.

तरीही तिथे मोठी चूक झाली होती, आणि ती झाकू नये असं मला मनापासून वाटतं. आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली होती. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तो राग रास्तच होता. पण संमती नीट घेतली नाही हा एक आरोप आणि लशीने जीव घेतला हा दुसरा. पहिला खरा ठरला म्हणून दुसरा खरा होत नाही.

जपानमध्येही अशाच 'नंतर'च्या तक्रारींवरून 2013 मध्ये सरकारने या लशीची सक्रिय शिफारस थांबवली. नागोया शहराने मग लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सुमारे 30,000 मुलींकडून 24 लक्षणांबद्दल उत्तरं मिळवली. लशीशी संबंध जुळला नाही. शिफारस पूर्ववत व्हायला मात्र 2022 उजाडलं.

खर्चाची गोष्टही इथेच येऊन मिळते. 2010 मध्ये काम थांबलं तेव्हा देशभरात आणखी एक अभ्यास चालू होता. पुण्यात जहांगीर रुग्णालयात त्याचं एक केंद्र होतं. तोही अडला आणि सुमारे 5000 मुलींचा एकच डोस झाला. दहा वर्षांनी बघितलं, तर विषाणूच्या 16 आणि 18 या कर्करोग करणाऱ्या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एका डोसाचा परिणाम सुमारे 95 टक्के, दोन आणि तीन डोसांचा 93. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं. तीनाऐवजी एक, म्हणजे तेवढ्याच डोसांत सरळ तिप्पट मुली! आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आली तेव्हा किंमत 200 ते 400 रुपयांच्या दरम्यान ठेवायचा मनोदय कंपनीचे प्रमुख अदर पूनावालांनी सांगितला होता. दुकानात तिला त्याहून बरेच जास्त पैसे पडतात, म्हणून ती सरकारी केंद्रातूनच मिळायला हवी. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, त्यातल्या बहुतेकींना हा खर्च झेपणारा नसतो.

भाचीचे डॉक्टर अजून दोन डोसच देतात. सहा महिन्यांनी ताईने तिला पोटभर जेवू घालून नेलं आणि आत शिरताच सांगितलं, "मागच्या वेळी टोचल्यानंतर चक्कर आली होती, आडवं झोपवूनच द्या."