सोलापूर ते न्यूयॉर्क : अंतर तेच, वेळ वेगळी

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मुंबईला विमान सुटायला लागलं आणि सोलापुरात विमानाच्या गप्पांना ऊत आला. ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: जाताना जास्त तास लागतात, येताना दीड-दोन तास कमी, असं का? त्यावर कुणीतरी ठासून सांगतं, "पृथ्वी फिरते ना!"

तसं नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सोलापूरची जमीन ताशी सुमारे 1,590 किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकत असते, पण वरची हवाही तिच्याबरोबरच फिरते आणि विमान असतं त्या हवेत. नाहीतर होटगी रस्त्यावरून हेलिकॉप्टर वर न्यायचं, तासभर एका जागी थांबवायचं, की खाली अरबी समुद्र!

आधी अंतर बघू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सोलापूर ते न्यूयॉर्क रेघ मारली, तर ती सौदी अरेबिया, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. लांबी साधारण 14,600 किलोमीटर. आता पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला सरकतो. पाकिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलँड असा आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन खाली उतरतो. लांबी सुमारे 12,800 किलोमीटर. म्हणजे 1,800 किलोमीटर वाचले. सोलापूर ते दिल्ली हवाई अंतराच्या जवळपास दीडपट! या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. ॲपवर दिसणारा आकडा बहुधा हाच असतो. अर्थात, विमान नेमकं त्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा पडला.

वेळेची खरी गंमत वाऱ्यात आहे. विमानं उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे वरची हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. (म्हणजे "पृथ्वी फिरते ना" म्हणणारे मागच्या दाराने थोडे बरोबर ठरतात.) विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर धरू. सगळ्या वाटेवर 100 चा वारा पाठीशी असेल, तर 12,800 किलोमीटरला पावणेतेरा तास. तोच वारा समोरून आला तर सोळा. प्रत्यक्षात वारा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून फरक कमी पडतो.

फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाच्या दिवसांत एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण तो हवेच्या तुलनेत मोजतात आणि हवाच पळत होती.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणंही परवडतं. 2016 साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेलं. विमान मात्र साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी.