कलाटणीनंतरचा प्रेक्षक

डेव्हिड फिंचर दिग्दर्शित 'फाइट क्लब' हा चित्रपट 15 ऑक्टोबर 1999 रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या निर्मितीवर सुमारे 6.3 कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांतली तिकीटविक्री मात्र सुमारे 3.7 कोटी डॉलरवरच थांबली. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या वजनदार समीक्षकाने त्याला चारपैकी दोन तारे दिले. अमेरिकेतीलच कोलंबाइन शाळेतील गोळीबाराला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, त्यामुळे तळघरात जमून एकमेकांना रक्तबंबाळ करणाऱ्या तरुणांची ही गोष्ट अनेकांना केवळ बीभत्स नव्हे, तर धोकादायक वाटली. नंतर चित्रपट डीव्हीडीवर आला, हळूहळू त्याला निष्ठावान चाहते मिळाले, आणि आज आयएमडीबी या संकेतस्थळावर वीस लाखांहून अधिक मतांनंतर त्याचे गुणांकन दहापैकी 8.8 च्या आसपास आहे. 1999 मध्ये पडद्यावर दिसलेली प्रत्येक चौकट (फ्रेम) आजही तीच आहे. मग बदलले काय? 'लोकांची आवड बदलली' हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. गेल्या काही दशकांत मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी गोळा केलेला पुरावा पाहिला, तर अशा चित्रपटाविषयी भांडणारे प्रेक्षक बहुतेकदा एकाच अनुभवाविषयी बोलत नसतात, असे मानायला बरीच जागा आहे.

पुढे जाण्यासाठी चित्रपटाचे रहस्य सांगणे भाग आहे. ज्यांना ते जपायचे असेल त्यांनी येथेच थांबावे. निद्रानाशाने त्रस्त, नोकरीला कंटाळलेला एक निनावी निवेदक (एडवर्ड नॉर्टन) विमानप्रवासात टायलर डर्डन या बेफिकीर, आकर्षक माणसाला (ब्रॅड पिट) भेटतो. दोघे मिळून मारामारीचा एक गुप्त अड्डा सुरू करतात आणि त्यातून पुढे एक विध्वंसक संघटना उभी राहते. चित्रपट संपत येताना कळते की टायलर म्हणून वेगळा कोणी नाहीच, तो निवेदकाच्याच मनाने उभा केलेला आहे. हे सुचवणाऱ्या खुणा आधीपासून विखुरलेल्या असतात. ज्या सार्वजनिक फोनवर टायलरचा उलट फोन येतो, त्याच फोनवर 'येथे येणारे फोन स्वीकारले जात नाहीत' अशा अर्थाची सूचना लिहिलेली असते. साहेबाच्या खोलीत निवेदक स्वतःलाच बदडून घेतो तेव्हा त्याला टायलरशी झालेली पहिली मारामारी आठवते, आणि तसे तो आपल्याला उघड सांगतो. टायलरची रीतसर ओळख होण्यापूर्वी त्याची आकृती काही ठिकाणी अवघ्या एका चौकटीपुरती चमकूनही जाते.

इतक्या खुणा असताना बहुतेक प्रेक्षक फसतात, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक छोटी चित्रफीत दाखवली होती, जिच्यात एका 'कट'नंतर, म्हणजे कॅमेऱ्याचे दृश्य बदलताच, मुख्य भूमिकेतला अभिनेताच बदलत असे. तरीही बहुसंख्य प्रेक्षकांच्या ते लक्षात आले नाही. पडद्यावरच्या प्रत्येक तपशिलाची नोंद ठेवण्याऐवजी मेंदू 'कोण, कुठे, कशासाठी' एवढा गाभा धरून ठेवतो आणि बाकीचे गृहीत धरतो. एका चौकटीपुरत्या चमकणाऱ्या टायलरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. सेकंदाला 24 चौकटी या वेगाने एक चौकट सुमारे 42 मिलिसेकंद टिकते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मेरी पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले की वेगाने सरकणाऱ्या चित्रमालिकेतील प्रत्येक चित्र केवळ 13 मिलिसेकंद दिसले, तरी सांगितलेले दृश्य त्यात होते की नव्हते हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा अधिक अचूकपणे ओळखू शकतात. म्हणजे टायलरची ती झलक डोळ्यांना आणि मेंदूला पोचत असणार. पण तिला जोडायला अजून गोष्टच नसल्याने 'काहीतरी लखलखले' यापलीकडे ती जात नाही. दुसऱ्यांदा पाहताना तिथेच टायलर स्पष्ट ओळखू येतो, आणि पहिल्या वेळी आपण कसे चुकलो याचे नवल वाटत राहते.

खरी गंमत यानंतर सुरू होते. कलाटणी ही पुढच्या घटनांपेक्षा मागच्या घटनांवर अधिक काम करते, कारण ती जे पाहून झाले आहे त्याचा अर्थ बदलते. या बदलाचा माग मेंदूत काढण्याचा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला, आणि त्यासाठी 1999 चाच एक दुसरा कलाटणीपट वापरला गेला: 'द सिक्स्थ सेन्स'. त्यात एका लहान मुलावर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच मृत असल्याचे शेवटी उघड होते. आसिये झादबूद, उरी हॅसन आणि सहकाऱ्यांचा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास तीन गटांवर होता. एका गटाने संक्षिप्त केलेला चित्रपट कलाटणीसह पाहिला, दुसऱ्याला कलाटणीचे दृश्य दाखवलेच नाही, आणि तिसऱ्याला रहस्य सुरुवातीलाच सांगून टाकले. सर्वांच्या मेंदूतील हालचाल एफएमआरआय यंत्राने चित्रपट पाहताना टिपली गेली, आणि नंतर तेथेच पडल्या पडल्या त्यांनी चित्रपटाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली तेव्हाही.

अपेक्षेप्रमाणे पाहतानाच्या वेळी, ज्यांना रहस्य ठाऊक होते आणि ज्यांना नव्हते त्यांच्या मेंदूतील आकृतिबंध वेगळे होते. हा फरक प्रामुख्याने डिफॉल्ट मोड नेटवर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागांत होता, जे भाग प्रसंगांना एका सलग अर्थात गुंफण्याचे काम करतात असे मानले जाते. महत्त्वाचा निष्कर्ष आठवण सांगतानाच्या नोंदींतून आला. कलाटणी पाहिलेल्या गटाने आधीची दृश्ये भोळेपणाने पाहिली होती, तरी ती आठवताना यांतील काही भागांतले त्यांचे आकृतिबंध रहस्य आधीच ठाऊक असलेल्या गटाशी अधिक जुळू लागले. प्रसंग तोच, पण त्यात आता डॉक्टरच्या जागी भूत आले होते. आठवण ही कपाटात ठेवलेली प्रत नसून दर वेळी नव्याने मांडली जाणारी जुळणी आहे, हे शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत; येथे ती नव्याने मांडली जाताना दिसली.

याचा मतांशी थेट संबंध आहे. चित्रपट संपल्यावर प्रेक्षक जे मत देतो ते आधीचे दोन तास ज्या रूपात त्याने अनुभवले त्याविषयी क्वचितच असते. ते बव्हंशी कलाटणीने दुरुस्त केलेल्या आठवणीविषयी असते. म्हणूनच 'मला पहिल्या अर्ध्या तासातच कळले होते' असे छातीठोकपणे सांगणारे इतके भेटतात. त्यांतले काही खरोखर हुशार असतील, पण सगळेच नसावेत. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1972 मधील रिचर्ड निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांपूर्वी लोकांकडून वेगवेगळ्या घटनांच्या शक्यतांचे अंदाज घेतले होते आणि दौऱ्यांनंतर त्यांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितले होते. ज्या गोष्टी प्रत्यक्ष घडल्या असे लोकांना वाटत होते, त्यांना आपण आधी दिलेल्यापेक्षा जास्त शक्यता दिली होती असे त्यांना आठवू लागले. पश्चातबुद्धी बहुधा अशीच, स्वतःच्याही नकळत, पूर्वबुद्धीचे सोंग घेऊन येते.

रहस्य आधी कळल्याने रस कमी होतो का, या प्रश्नावर संशोधकांतही मतभेद आहेत, आणि ते असणे मला स्वाभाविक वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 मध्ये 12 लघुकथा वाचकांना दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट सांगितला होता त्यांनीच सरासरीने कथा अधिक आवडल्याचे नोंदवले, अगदी कलाटणीच्या कथांच्या बाबतीतही. त्यानंतर 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांच्या प्रयोगात उलट दिसले: शेवट ठाऊक नसलेल्या वाचकांना कथा अधिक मजेदार आणि उत्कंठावर्धक वाटल्या. उत्कंठा, समजण्यातली सहजता आणि एकंदर आवड या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि 'आवडले का' या एका प्रश्नात त्या सगळ्या कोंबल्या जातात. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे पुरते ठाऊक असते, तरी तो आत शिरताना जीव टांगणीला लागतोच. रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्ये नेमकी हीच अवस्था, म्हणजे अनिश्चितता नसतानाची उत्कंठा, प्रयोगांनी दाखवून दिली. 'फाइट क्लब' पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याचा आनंद या जातीचा आहे, आणि पहिल्यांदा पाहून चक्रावलेल्याचा आनंद दुसऱ्याच जातीचा.

आता हिंसेकडे वळू. हिंसा प्रेक्षकांना हवीच असते, तिच्याशिवाय चित्रपट चालत नाही, हा निर्मात्यांचा लाडका समज आहे. अँड्र्यू वीव्हर आणि बार्बरा विल्सन यांनी 2009 मध्ये दूरचित्रवाणी मालिकांच्या भागांची तीन रूपे तयार करून तो तपासला: रक्तरंजित, सौम्य केलेले आणि हिंसा काढून टाकलेले. गोष्ट तीच ठेवली असता हिंसा नसलेले रूपच लोकांना अधिक आवडले. मग हिंसक चित्रपट इतके का पाहिले जातात? याचे एक पटण्यासारखे उत्तर अ‍ॅन बार्टश आणि मारी-लुईझ मारेस यांच्या 2014 च्या अभ्यासात मिळते. जर्मनी आणि अमेरिकेतील सहभागी व्यक्तींना त्यांनी हिंसक चित्रपटांच्या जाहिरातफिती दाखवल्या. या चित्रपटातून माणसाविषयी काही अर्थपूर्ण हाती लागेल, अशी अपेक्षा जिथे निर्माण झाली तिथे तो पाहण्याची इच्छाही वाढली. 'कल्ट' ठरलेल्या, म्हणजे निष्ठावान चाहतावर्ग लाभलेल्या, काळोख्या चित्रपटांचे चाहते 'तो चित्रपट मारामारीविषयी नाहीच' असे जे हट्टाने सांगतात, त्यामागे निव्वळ समर्थनाची गरज नसावी. त्यांनी कदाचित खरोखरच रक्त सोसले ते अर्थासाठी.

परंतु तो अर्थ कोणता, यावरही एकमत होत नाही. डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात 1951 मध्ये झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका धसमुसळ्या सामन्याची फीत अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले होते. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी 9.8 दिसले आणि डार्टमथच्या विद्यार्थ्यांना 4.3. फीत एकच होती. 'फाइट क्लब'मध्ये जो टायलरच्या बाजूने उभा राहतो त्याला ग्राहकसंस्कृतीविरुद्धचे बंड दिसते. जो निवेदकाच्या बाजूने राहतो त्याला त्या बंडाचीच खिल्ली दिसते. आणि जो दोघांच्याही बाहेर उभा असतो त्याला घामट पुरुषांची निरर्थक मारझोड दिसते. माझ्या मते दुसरे वाचन चित्रपटाच्या सर्वांत जवळचे आहे, पण पहिले वाचन करणाऱ्यांना चुकीचे ठरवायला चित्रपट फारशी मदत करत नाही, कारण त्याने टायलरला फारच देखणे करून ठेवले आहे.

1999 च्या समीक्षकांच्या भीतीलाही एक नाव आहे. समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये वर्णन केलेल्या 'तृतीय पुरुष परिणामा'नुसार माणसे असे समजतात की माध्यमांचा प्रभाव स्वतःपेक्षा इतरांवर अधिक पडतो. चित्रपट पाहून आपण कोणाला ठोसा लगावणार नाही याची समीक्षकाला खात्री असते. काळजी असते ती शेजारच्या खुर्चीतल्या तरुणाची. त्या तरुणाला विचारले तर तो आणखी कोणाकडे तरी बोट दाखवील.

राहिला प्रश्न त्या 8.8 या आकड्याचा. तो लोकमताचा नमुना नाही. ज्यांनी चित्रपट पाहायचे ठरवले, पूर्ण पाहिला आणि वर मत नोंदवण्याचे कष्ट घेतले, त्यांचीच ती सरासरी आहे. मारहाणीच्या पहिल्या दृश्यांतच उठून गेलेला माणूस बहुधा तिच्यात नाही. शिवाय आधीची मते नंतरच्या मतांना वळण लावतात. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी 2013 मध्ये एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील एक लाखाहून अधिक टिप्पण्यांपैकी काहींना यादृच्छिक रीतीने एक बनावट अनुकूल मत देऊन पाहिले. त्या टिप्पण्यांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. बनावट प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी भरून काढला. चित्रपटांच्या गुणांकनात हाच आकडा लागू होईल असे नाही, तरी 'कल्ट' ही पदवी आधीच वाचून चित्रपट लावणारा आजचा प्रेक्षक 1999 च्या प्रेक्षकाइतका मोकळ्या मनाने बसलेला नसतो, हे नक्की. 'यात काहीतरी दडलेले आहे' या तयारीनेच तो बसतो, आणि खुणा शोधत पाहतो. एका अर्थी त्याचे पहिले पाहणेच अर्धे दुसरे पाहणे असते.

शेवटाचे वजनही येथे मोठे आहे. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि डॅनियल कानेमन यांनी 1993 मध्ये छोट्या चित्रफिती वापरून दाखवले की एखाद्या अनुभवाचे एकूण मूल्यमापन करताना लोक त्याची लांबी जवळपास विसरतात आणि त्यातील तीव्रतम क्षण व शेवट यांवरून मत बनवतात. कलाटणीपटात हे दोन्ही क्षण सहसा एकमेकांना चिकटून येतात. जानेवारी 2022 मध्ये चीनमधील टेन्सेन्ट व्हिडिओ या मंचावर 'फाइट क्लब'चा शेवट कापून तेथे पोलिसांनी कट वेळीच उधळल्याची पाटी टाकली गेली. निवेदक आणि टायलर एकच असल्याचे रहस्य त्या आवृत्तीत शाबूत होते. शेवटातून गेल्या होत्या त्या मूळ चित्रपटात कोसळणाऱ्या इमारती. जगभर हसू आणि संताप उसळला, आणि काही दिवसांतच कापलेला बहुतेक भाग परत जोडण्यात आला.