फेसलेली मोहरी आणि गार ज्वारी

गेल्या रविवारी वहिनीने ज्वारीचं सॅलड केलं. रात्रभर भिजवून कुकरला शिजवलेली ज्वारी, काकडी, डाळिंब, भाजलेले दाणे. त्या वाफाळत्या ज्वारीवरच तिने ट्रेमध्ये वाढवलेले मोहरीचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळे कोंब, कापून पसरले. चव? गवताची. "आठ दिवस पाणी शिंपडलं मेल्यांवर!" तिचा वैताग रास्त होता. पण लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या कुठल्याही आजीने तिला आधीच सावध केलं असतं.

मोहरीचा दाणा नाकाशी धरा, वास येत नाही. फोडणीत खमंग होतो, झणझणत नाही. तीच मोहरी वाटून गार पाण्यात फेसली की थेट नाकात चढते. म्हणजे झणका मोहरीत तयार नसतोच. तो आपण घडवतो. (दृष्ट काढताना निखाऱ्यावर मोहऱ्या तडतडतात त्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते म्हणून. फोडणीतही त्या रोज तडतडतात, तेव्हा कढईला कोणाची नजर लागलेली असते?)

मोहरीत सिनिग्रिन नावाचा निरुपद्रवी रेणू पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, साठवलेला असतो. त्याला फोडणारं विकर (एन्झाइम), मायरोसिनेज, वेगळ्या पेशींत कोंडलेलं. अळीने पान चावलं किंवा आपण दाणा वाटला की भिंती फुटतात आणि दोघांची गाठ पडते. मायरोसिनेज सिनिग्रिनमधलं ग्लुकोज तोडतं. उरलेला तुकडा अस्थिर असतो. त्याच्या अणूंची आपोआप फेरजुळणी होते, सल्फेट बाहेर पडतं आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. हाच तो झणका. तो चेतापेशींवरच्या टीआरपीए-१ या ग्राहीला (रिसेप्टरला), त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी बंध जोडून, डिवचतो. मिरचीतलं कॅप्सायसिन उडून जात नाही, म्हणून जिभेवर ठाण मांडतं. हा रेणू उडणारा, म्हणून नाकात घुसतो आणि लवकर ओसरतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्युसी यांनी १८४० मध्ये ही जोडी ओळखली. सिनिग्रिनची बरोबर रचना कळायला मात्र १९५६ उजाडलं.

आता वहिनीची चूक. विकर हे प्रथिन, उष्णतेने त्याची घडी विस्कटते. गरम ज्वारीच्या वाफेत कोंब मऊ पडले आणि त्यांतलं मायरोसिनेज निकामी झालं. सिनिग्रिन तसंच राहिलं, पण त्याला फोडणार कोण?

मायक्रोग्रीन्समध्ये 'चाळीस पट जीवनसत्त्वं' असतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. तो आकडा २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासातला, आणि तोही लाल कोबीच्या कोंबांतल्या ई जीवनसत्त्वापुरता. शिवाय तुलना वजनास वजन. कोबी आपण वाटीभर खातो, कोंब चिमूटभर. चवीसाठी खा की!

वहिनीचा पुढचा बेत ऐकून मात्र मी दचकलो: ज्वारीच्या सॅलडवर ज्वारीचेच कोंब. अजिबात नको. कोवळ्या ज्वारीतही हीच दोन कोठड्यांची युक्ती आहे, फक्त दारूगोळा जीवघेणा. एका थरातल्या पेशींत धुरिन नावाचा रेणू, दुसऱ्या थरात ते फोडणारं विकर; चावलं की हायड्रोजन सायनाइड. गुरं कोवळ्या ज्वारीत शिरून चरली की शेतकरी 'किरळ लागली' म्हणतात, ती हीच. पिकलेल्या दाण्यात धुरिन जवळपास नसतं, त्यामुळे भाकरी निर्धास्त खा.

काल पुन्हा सॅलड झालं. ज्वारी परातीत पसरून हाताला गार लागेपर्यंत ठेवली. मोहरीचे कोंब कात्रीने बारीक कापून पाच मिनिटं तसेच राहू दिले, म्हणजे विकराला काम करायला वेळ मिळतो. लिंबू अगदी शेवटी, कारण आंबटपणाने विकर मंदावतं. पहिल्याच घासाला दादाने नाक चोळलं आणि वहिनीने माझ्याकडे बघून भुवई उडवली.