ट्रिगर म्हणजे आखूड गेट नव्हे

मॉड्यूलर सिंथ (सुटी मॉड्यूल केबलने जोडून बनवलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवणाऱ्या मित्रांकडून दोन तक्रारी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की आता सविस्तर लिहूनच टाकतो. पहिली: "डिजिटल ड्रम मॉड्यूल घेतलं, पण गेट कितीही लांब केलं तरी किक (बास ड्रमचा ठोका) तेवढीच वाजते." दुसरी: "मधूनच एखादा ठोका गायब होतो, पीस खराब आलाय बहुतेक." पीस खराब नसतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, गेट आणि ट्रिगर हे व्होल्टेजचे दोन वेगळे इशारे एकच समजणं. जॅक तोच, केबल तीच, व्होल्टेजही साधारण तेवढंच, त्यामुळे गफलत होते हे मान्य. पण "ट्रिगर म्हणजे छोटं गेट" असं नवख्यांना सांगणं आता थांबवा.

गेट तुम्हाला माहीत आहे. की दाबली, व्होल्टेज वर, सोडली, खाली. मधल्या वेळात एडीएसआर (आवाजाचा चढउतार ठरवणारा भाग) सस्टेनवर, म्हणजे टिकवून धरलेल्या पातळीवर, थांबतो. झालं.

ट्रिगरचं तसं नाही. पेटीची पट्टी दाबून धरली आहे तोवर सूर चालू राहतो, हे गेट. तबल्याच्या चाटेवर बोट पडलं आणि "ना" वाजला, हा ट्रिगर. नाद किती टिकेल ते पुडी, शाई आणि सूर लावताना ओढलेली वादी ठरवते. बोट नंतर हवेत किती वेळ राहिलं, याच्याशी त्या नादाला देणंघेणं नसतं. ड्रम मॉड्यूलवर पुडीचं काम डिके, म्हणजे नाद विरायला लागणारा वेळ, करतो. किक लांब हवी असेल तर डिके वाढवा, ठोके ओळीने पाठवणाऱ्या सिक्वेन्सरमधली गेटची लांबी नव्हे.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. घोळ पुढे आहे, कारण ट्रिगरच्या इनपुटला तुम्ही गेट लावलंत तरी ते चालतं. निदान चालल्यासारखं वाटतं.

म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचं प्लॅट्स हे डिजिटल मॉड्यूल घेऊ. एमिली झिले यांचं हे २०१८चं डिझाइन, आणि त्याचा कोड खुला असल्यामुळे आत काय चालतं ते कोणालाही वाचता येतं. मूळच्या १६ मॉडेल्सपैकी (आवाजाच्या प्रकारांपैकी) शेवटची तीन किक, स्नेअर आणि हाय-हॅट. ट्रिगरच्या जॅकवरचं व्होल्टेज मॉड्यूल सतत वाचत असतं, आणि त्याच्या हिशेबात दोन रेघा आहेत, एक वरची, एक खालची. व्होल्टेज खालून येऊन वरची रेघ ओलांडतं त्या क्षणी ठोका. त्यानंतर ते खालच्या रेघेच्याही खाली उतरेपर्यंत मॉड्यूल दुसरा ठोका मानतच नाही. म्हणजे ते फक्त चढ बघतं. वरचं पठार दहा मिलिसेकंदांचं आहे की दोन सेकंदांचं, याची दखल घेत नाही.

आता गायब होणारे ठोके घ्या. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) सोळा स्टेपच्या सिक्वेन्सची एक स्टेप, म्हणजे पाव मात्रा, १२५ मिलिसेकंदांची. गेटची लांबी स्टेपच्या १०० टक्के ठेवली आणि तिसरी-चौथी स्टेप लागोपाठ चालू असल्या, तर तिसरीचं गेट खाली यायच्या आतच चौथीचं सुरू होतं. मॉड्यूलला दिसतं २५० मिलिसेकंदांचं एकच पठार. चढ एक, ठोका एक. चौथा ठोका मॉड्यूलने गाळलेला नसतो, तो त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत: केबल बदलल्या, पॉवर सप्लाय तपासला, मॉड्यूल रॅकमधून काढून परत बसवलं. शेवटी सिक्वेन्सरमध्ये गेट ५० टक्क्यांवर आणलं आणि सगळे ठोके जागेवर आले.

दोन ताल ऑर लॉजिकमधून (दोहोंपैकी एक गेट वर असलं तरी बाहेर गेट देणारी जोडणी) एकत्र करताना हाच प्रकार आणखी छुपा होतो. तीनचा एक पॅटर्न, चारचा एक, दोन्ही लांब गेटवर. जिथे एक गेट अजून वर असताना दुसरं सुरू होतं, तिथे दुसऱ्याचा ठोका गेला. पॅटर्न फिरत असल्याने दर वेळी वेगळा ठोका जातो, म्हणून माणूस मॉड्यूलवर संशय घेतो. पाच मिलिसेकंदांचे ट्रिगर वापरले तर असे एकमेकांवर क्वचितच चढतात. माझा नियम साधा आहे: ड्रमला जाणारं प्रत्येक चॅनेल ट्रिगर मोडवर. सिक्वेन्सरमध्ये तो मोड नसेल तर गेट जमेल तितकं आखूड.

त्याच कोडमधली एक गोष्ट मला फार आवडते. आलेला ट्रिगर प्लॅट्स मुद्दाम सुमारे एक मिलिसेकंद उशिरा वाचतं. काही सिक्वेन्सर आणि मिडी इंटरफेसमध्ये गेट आधी निघतं आणि पिचचं (सूर ठरवणारं) व्होल्टेज मागून येतं, त्याला गाठायला ही सवड. दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलवर प्रत्येक ठोका आधीच्या सुरात सुरू होतोय असं वाटलं, तर ट्रिगरच्या वाटेत छोटा डिले टाकून बघा.

आता आघात. "जोरात ट्रिगर दिला, तरी ठोका जोरात येत नाही" असं म्हणणारे बहुधा अॅनलॉगकडून आलेले असतात, आणि तिथे त्यांचं बरोबर असतं. रोलंडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये साधारण एक मिलिसेकंदाची पल्स सर्किटला धक्का द्यायची आणि अॅक्सेंट (ठोक्याला जोर देण्याची सोय) त्या पल्सची उंचीच वाढवायचा. धक्का मोठा, नाद मोठा. वर सांगितलेल्या दोन रेघांच्या हिशेबात मात्र उंचीला जागाच नाही, रेघ ओलांडली की पुरे. जोर वेगळ्या वाटेने द्यावा लागतो. प्लॅट्सच्या ड्रम मॉडेल्समध्ये तो लेव्हलच्या जॅकमधून जातो. व्हेलॉसिटीचं (ठोका किती जोरात ते सांगणारं) व्होल्टेज तिथे लावा.

पाच व्होल्ट की दहा, मूगच्या जुन्या यंत्रांतला एस-ट्रिगर (वायर ग्राउंडला जोडून दिलेला उलटा ट्रिगर), हे फरक युरोरॅकमध्ये (आजच्या प्रचलित मॉड्यूलर साच्यात) बसून उगाळण्यात अर्थ नाही. आणि डिजिटल ड्रम म्हणजे सॅम्पल, हा समजही सोडा. प्लॅट्सची किक कुठे रेकॉर्ड करून ठेवलेली नाही, ती दर ठोक्याला नव्याने मोजून काढली जाते. म्हणून तर नाद चालू असताना मध्येच तिचा डिके बदलता येतो.

यातूनच ड्रम मॉड्यूलला गेट लावण्याची एक रास्त जागा निघते. हाय-हॅटचं मॉडेल निवडा. सगळ्या ठोक्यांचे ट्रिगर ट्रिगच्या जॅकला. या मॉडेलमध्ये मॉर्फ नावाचा नॉब म्हणजे डिके. तो मोठा नॉब बराच खाली ठेवा, बंद हॅट मिळेल. आता सिक्वेन्सरच्या दुसऱ्या चॅनेलचं गेट मॉर्फच्या सीव्ही (नियंत्रण-व्होल्टेजच्या) जॅकला लावा आणि त्याचा छोटा नॉब उजवीकडे फिरवा. केबल खरोखर लावा. ट्रिगला केबल असताना तो जॅक मोकळा राहिला, तर छोटा नॉब आतलंच एन्व्हलप (ट्रिगरमुळे आत तयार होणारा चढउतार) मॉर्फवर सोडतो आणि पुन्हा नवा गोंधळ. गेट वर असताना पडलेला ठोका उघड्या हॅटसारखा पसरतो. गेट खाली येताच डिके आखडतो आणि नाद तिथेच दबतो, बायावर तळहात टेकवल्यासारखा. या चॅनेलवर गेटची लांबी ३० टक्के करून ऐका, मग ८०.